मी हवा ढकलतो

मित्रांनो, तुम्ही मला ओळखले नसेल, तर त्यात तुमचा काही दोष नाही. मोटारीचे बॉनेट उघडले की सगळेजण इंजिनाकडे पाहतात. त्या इंजिनाच्या बगलेला, पट्ट्याने बांधलेली, पावाच्या मोठ्या लादीएवढी ॲल्युमिनियमची एक पेटी कधीकधी असते. तो मी. वय बावीस वर्षे, वजन अकरा किलो, नाव सुपरचार्जर. कुणी मला टर्बो म्हणाले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. टर्बो हा माझा चुलतभाऊ. तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो, म्हणून त्याला जाग यायला जरा वेळ लागतो. मी इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. तुम्ही ॲक्सिलरेटरवर पाय ठेवला की मी हजर असतो.

इंजिनाला पेट्रोल लागते हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण पेट्रोल जळायला हवा लागते, हे मोठ्या माणसांच्याही लक्षात राहत नाही. साधे इंजिन आपल्या दमाने जेवढी हवा ओढेल, तेवढ्यावरच भागवते. माझ्या पोटात दोन पिळदार रोटर आहेत. रसवंतीतल्या चरकाचे रूळ शेजारी शेजारी उलट दिशांनी फिरतात ना, तसे ते फिरतात. फरक एवढाच की माझे रोटर एकमेकांना कधी शिवत नाहीत. दोघांमध्ये केसाएवढी फट असते. ते बाहेरची हवा कवेत घेतात आणि इंजिनात कोंबतात. जास्त हवा आली म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येते, आणि तेच इंजिन जवळजवळ दीडपट जोर लावते. कौतुक मात्र इंजिनाचे होते.

माझे दोन दुर्गुणही सांगून टाकतो. फिरण्यासाठी लागणारी ताकद मी इंजिनाकडूनच घेतो, हा पहिला. दुसरा असा की मी दाबलेली हवा तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे बूड कसे गरम होते, तसेच हे. हवा फार तापली तर पेट्रोल ठरल्या वेळेच्या आधीच भडकते आणि इंजिनाच्या आतून बारीक ठकठक ऐकू येते. त्याला नॉकिंग म्हणतात. ती ठकठक ज्याला ऐकू आली आणि ज्याने लगेच पाय उचलला, त्याचे इंजिन वाचते. मित्रांनो, तो आवाज लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला, पण माझे घर म्हणून मला नागपूरची धरमपेठच आठवते. वीज खात्यात इंजिनिअर असलेल्या कृष्णकांतांनी एका डॉक्टरांकडून करड्या रंगाची जुनी परदेशी गाडी घेतली, आणि त्या गाडीसोबत मी त्यांचा झालो. गाडीने वेग घेतला की मी बारीक सूर काढत असे. कृष्णकांत तो सूर ऐकण्यासाठी खिडकीची काच खाली करत. त्यांच्या पत्नी प्रेमलताबाई शेजारी बसून पदर सावरत म्हणत, "झाली का सुरू तुमची पिठाची चक्की?"

"चक्की नाही, सुपरचार्जर आहे तो."

"तेच ते. काहीतरी दळूनच राहिला आहे ना?"

दर सहा महिन्यांनी आम्ही हिंगणा रोडवर रुपरावांच्या गॅरेजमध्ये जात असू. रुपराव हे शेतकऱ्याच्या घरचे, पण हात मातीपेक्षा ग्रीसमध्ये जास्त रमलेले. त्यांच्याजवळ लाकडी मुठीचा, हातभर लांब एक स्क्रूड्रायव्हर होता. त्याचे टोक ते माझ्या अंगावर टेकवत, मूठ कानाला लावत आणि डोळे मिटून घेत. आतल्या बेअरिंगचा, गिअरचा, रोटरचा आवाज त्या लोखंडातून थेट त्यांच्या कानात जाई. मग ते माझ्या गिअरसाठी असलेले तेल बदलत. मला तेल लागते ते जेमतेम चहाच्या कपाएवढे. "साहेब, गडी ठणठणीत हाय," असे त्यांनी म्हटले की मला फार बरे वाटे. माझ्याकडे कान देणारे जगात दोनच लोक होते, आणि त्यांतले एक रुपराव होते.

मग ते सप्टेंबरचे पाणी आले. अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी रस्त्यांवर आली आणि आमची गाडी टपापर्यंत बुडाली. चिखल काढून झाल्यावर रुपरावांनी गाडीला चारही बाजूंनी पाहिले आणि नकारार्थी मान हलवली. गाडी भंगारात निघाली. कृष्णकांतांनी मला तेवढे खोलून घेतले, पुसले आणि घरी आणले. काय करायचे ते त्यांनाही ठाऊक नव्हते.

प्रेमलताबाईंना मात्र ठाऊक होते. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया वाळत घातल्या की गरम वाऱ्याने खालची साडी उडते. तिच्या एका कोपऱ्यावर वरवंटा, एकावर कुंडी, एकावर वीट आणि चौथ्यावर मी. मित्रांनो, ज्याने वीस वर्षे हवा ढकलली त्याला हवेने साडी उडू नये म्हणून बसवले! उन्हाळा संपला की गच्चीचे दार आपटू नये म्हणून मला दाराला लावून ठेवत. मला त्या बाईंचा राग आला नाही. त्या रोज येता-जाता पायाने मला सरळ करत, म्हणजे रोज कुणीतरी हात नाही तरी पाय लावत होते. पण आतल्या तेलात पाणी मिसळून त्याचे ताक झाले होते, आणि ते कुणाला सांगायची मला सोय नव्हती.

दोन वर्षे अशी गेली. यंदा संक्रांतीला रुपराव तिळगूळ घेऊन आले. सोबत त्यांची मुलगी दिपाली होती. ती हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, काम करते. सकाळची पाळी संपली की मोटारसायकलने गॅरेजमध्ये येऊन गाड्या खोलते. चहा पिता पिता रुपराव म्हणाले, "साहेब, पाडव्यानंतर शटर पाडून राहिलो. आता झेपत नाही."

"आणि दिपाली? तिला येतं की सगळं."

"येते. पण पोरीच्या हातात गाडी कोण देईन? गिऱ्हाईक येते अन् विचारते, मिस्तरी कुठं हाय? ही समोर पाना घेऊन उभी असते, तरी बी विचारते. कंपनीत परमनंट होऊन जाईन, निवांत राहीन."

"मले निवांत नाही राहायचं, बाबा," दिपाली म्हणाली. "मले गॅरेज पाहिजे."

तिने हे इतक्या हळू म्हटले की रुपरावांनी "काय म्हन्ते?" असे विचारले. ती उठून गच्चीच्या दाराशी आली, माझ्याजवळ उकिडवी बसली आणि एका बोटाने माझी पुली, म्हणजे पट्टा बसतो ते चाक, फिरवून पाहिली. मी जाम झालो होतो. तिने दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा मी सूतभर हललो.

"काका, हा मेला नाही," ती आतल्या खोलीकडे पाहून मोठ्याने म्हणाली. "नुसता जाम झाला."

कृष्णकांत तिथेच मला तिच्या हवाली करून मोकळे झाले. एप्रिलच्या पहिल्या रविवारी हिंगण्याच्या पलीकडे एका कॉलेजच्या टेकडीवर गाड्यांची चढाई होती. दीड किलोमीटरचा वळणांचा चढ. एकेका गाडीने एकट्याने चढायचे आणि वेळ मोजायची. गॅरेजमध्ये रुपरावांची जुनी पेट्रोल जीप पडून होती. कृष्णकांत म्हणाले, "रुपराव, शटर पाडायचं ते चढाईनंतर पाडा. हा जीपवर बसवू द्या तिला."

रुपरावांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "ठीक हाय. सगळे गिऱ्हाईक येतेच तिथं. तिनं बांधलेली गाडी पहिल्या तिघांत आली, तर चाबी तिची. नाही तर शटर." त्या दिवशी प्रेमलताबाईंना दाराला लावायला दुसरा दगड शोधावा लागला.

दिपालीने मला खोलले, रॉकेलने धुतले, ताक झालेले तेल काढून नवे भरले. मला इंजिनाच्या बाजूला धरून ठेवणारी पट्टी तिने स्वतः कापली, पुली स्वतः लेथवर काढली. पुली जितकी लहान, तितका मी जास्त जोरात फिरतो. रुपराव म्हणत, "अजून लहान कर." ती म्हणे, "बाबा, इंजिन जुनं हाय." बापलेकीत असा दोन दिवस वाद झाला आणि तिसऱ्या दिवशी तिने आपल्या मापाची पुली बसवून टाकली. मला स्वतःला विचाराल तर मी रुपरावांच्या बाजूने होतो. दोन वर्षे कुरडया राखून माझी हौस भागली होती. मला पळायचे होते.

होळी झाली. नागपुरात होळी झाली की घरोघरचे कूलर माळ्यावरून खाली येतात, जुने गवत काढून नवे भरतात. ऊन चढले तशी माझी हवाही तापू लागली आणि जीप चढावर दम टाकू लागली. रुपराव एका सकाळी कूलरच्या गवताचा गठ्ठा घेऊनच आले. म्हणाले, "आपण घरात थंड हवा कशी घेतो? मंग याले बी कूलर लाव." त्यांनी जाळीच्या डब्यात ओले गवत कोंबून तो डबा माझ्या तोंडाला बांधला. नागपूरच्या माणसालाच सुचावे असे ते डोके होते, आणि पहिली दहा मिनिटे मला स्वर्ग दोन बोटे उरला. वाळ्याचा वास, गार वारा! मग दिपालीने इंजिनाचा वेग चढवला, मी जोरात श्वास ओढला आणि जाळीच्या फटीतून गवताच्या काड्या आत आल्या. मी तुम्हाला सांगितले आहे, माझ्या दोन रोटरमध्ये केसाएवढी फट असते. मी जागच्या जागी अडकलो, पट्टा किंचाळला आणि तुटला.

दिपालीने मला पुन्हा खोलले. रोटरवर ओरखडे होते. ती बापाला रागावली नाही. एवढेच म्हणाली, "बाबा, हवा याच्या पोटात गेल्यावर तापते. थंड करायची ते याच्यानंतर, याच्या आधी नाही." तिने भंगारातून एका व्हॅनचा इंटरकूलर आणला. ती एक जाळीदार पेटी असते. माझी तापलेली हवा तिच्यातून जाता जाता निवते. त्या पेटीवर बाहेरून पाणी ठिबकावे म्हणून तिने बॅटरीवर चालणारी छोटी मोटर आणि पाण्याची एक कॅन लावली. म्हणजे कूलर बापाचाच, फक्त तिने त्याची जागा बदलली. तिने हे रुपरावांना तसेच सांगितले, तेव्हा ते खुलले.

मला पुन्हा बसवल्यावर रुपरावांनी आपला लांब स्क्रूड्रायव्हर माझ्यावर टेकवला आणि डोळे मिटले. मी आतून ओरडत होतो. अडकलो तेव्हा माझे मागचे बेअरिंग दुखावले होते, ते खरखरत होते. रुपराव बराच वेळ कान लावून उभे राहिले. मग म्हणाले, "मस्त हाय."

मित्रांनो, त्या क्षणी मला सगळे कळले. तिळगुळाच्या दिवशी त्यांनी "काय म्हन्ते" का विचारले तेही कळले. मला फार वाईट वाटले. माझ्याकडे कान देणारा माणूस मला ऐकू शकत नव्हता आणि हे तो कुणाला सांगतही नव्हता. ते चहाला गेल्यावर दिपालीने तोच स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. ती दचकली. दुसऱ्या दिवशी तिने नवे बेअरिंग आणून बसवले, आणि या गोष्टीचा गॅरेजमध्ये कुणी उच्चार केला नाही.

चढाईचा रविवार आला. सकाळी सात वाजता हवा गार होती, आणि दिपालीने सगळे माप त्याच हवेचे धरले होते. कृष्णकांत आणि प्रेमलताबाई छत्री, पाण्याची मोठी बाटली आणि डब्यात चिवडा घेऊन आले होते. आठला सुरुवात व्हायची होती. पण पाहुण्यांशिवाय नारळ कसा फोडायचा? पाहुणे अकराला आले. मग सत्कार झाले, भाषण झाले आणि आयोजकांनी सांगितले की सगळ्या गाड्यांनी स्टेजसमोरून हळूहळू दोन फेऱ्या माराव्यात, फोटो काढायचे आहेत. एकेचाळीस डिग्रीच्या उन्हात जीप मुंगीच्या पावलांनी दोन फेऱ्या फिरली. माझी हवा निववता निववता कॅन जवळजवळ रिकामी झाली. पाण्याचा टँकर खाली फाटकाशी, आणि रांग सोडली तर नंबर जाणार. प्रेमलताबाई लगबगीने आल्या आणि आपल्या बाटलीतले सगळे पाणी त्यांनी कॅनमध्ये ओतले. "पी बाबा चक्की, पी," त्या म्हणाल्या. मग चिवडा कोरडाच खाल्ला.

स्टिअरिंगवर दिपाली होती. झेंडा पडला आणि आम्ही सुटलो. काय सांगू तुम्हाला! दोन वर्षांचा साचलेला दम मी त्या चढावर काढला. रस्त्याकडेची माणसे माझा सूर ऐकून माना वळवत होती. पहिले वळण, दुसरे वळण. जीप अशी चढत होती की जणू तिला मागून दुसरे कुणी ढकलत आहे. तिसऱ्या वळणावर कॅन संपली. माझ्यातून निघणारी हवा आता आगीसारखी होती. शेवटची दोन वळणे उरली होती. तिसऱ्या वळणाच्या कठड्याजवळ रुपराव आणि कृष्णकांत उभे होते, आणि रुपराव दोन्ही हातांनी "दाब, दाब" अशी खूण करत होते.

तेवढ्यात आतून ठकठक आली. अगदी बारीक. माझ्याच सुराखाली दबून गेलेली.

मित्रांनो, खरे सांगतो, मला ती लपवायची होती. मला पहिल्या तिघांत यायचे होते. मी सूर आणखी चढवला. पण दिपालीने पाय उचलला. जीप सुस्तावली, उरलेला चढ ती बैलगाडीच्या चालीने चढली, आणि आमचा नंबर अकरा गाड्यांत सातवा आला. मी इतका चिडलो की थंड होताना टिकटिक करत राहिलो.

रुपराव धापा टाकत वर आले. "काहून वं? काहून पाय उचलला? होतं नोतं सारं घालवलं!"

"बाबा, नॉकिंग होत होतं."

"कुठं? मी तिथंच उभा होतो. काई आवाज नोता."

दिपाली बॉनेट उघडू लागली. ती बापाला लोकांसमोर काही बोलणार नव्हती. गिऱ्हाइके भोवती जमली होती. त्यांतले एक हसले. तेव्हा कृष्णकांत त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाले, "रुपराव, मलाही ऐकू आलं."

रुपरावांनी त्यांच्याकडे पाहिले, मग मुलीकडे. मग त्यांनी प्लगचा पाना मागितला, फडके गुंडाळून तापल्या इंजिनातून पेट्रोल पेटवणारा एक प्लग काढला आणि चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर रव्याहून बारीक, चंदेरी कण चिकटले होते. ते कशाचे असतात हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पिस्टन वितळू लागला की तेच कण उडतात. आणखी दोन वळणे तशीच गेली असती, तर पिस्टनला भोक पडून इंजिन तिथेच फुटले असते, आणि त्याच्या तुकड्यांनी माझे काय केले असते ते मला बोलवत नाही.

रुपरावांनी तो प्लग हसणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात दिला. "पाहा," ते म्हणाले. "मी दाब म्हणून राहिलो होतो. हिनं माह्यावाली गाडी वाचवली." मग खिशातून गॅरेजची चाबी काढली. ती त्यांनी लगेच दिली नाही. आधी जीपच्या मागच्या सीटवरून तो लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर आणला, दोन्ही एकत्र दिपालीच्या हातात ठेवले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "मले आता ऐकू येत नाही वं, पोरी. वरीस झालं. म्हणून शटर पाडत होतो. तुले येत नाही म्हणून नाही."

"मले माहीत होतं, बाबा," दिपाली म्हणाली. ती रडली. रुपरावही रडले. प्रेमलताबाईंनी सगळ्यांना चिवडा दिला, कारण त्या क्षणी दुसरे काय करायचे ते कुणालाच सुचत नव्हते.

आता मी हिंगणा रोडच्या त्याच गॅरेजमध्ये, त्याच जीपवर आहे. रुपराव दारात खुर्ची टाकून बसतात, आणि गिऱ्हाइकाने मिस्तरी कुठे म्हणून विचारले की बोटाने आत दाखवतात. मी पहिला आलो नाही, याची खंत मला अजून अधूनमधून वाटते. पण त्या दिवशी माझे ऐकले असते, तर हे सांगायला मी उरलो नसतो.

मित्रांनो, तुमच्याही मागे कुणीतरी असेल, जे तुम्हाला चढावर ढकलत असते आणि आपण तापलो आहोत हे सांगत नाही. माझे मागणे मोठे नाही. दर महिन्याला दिपाली माझे तेल पाहते, आणि त्याआधी तळहात माझ्या अंगावर ठेवून थोडा वेळ नुसती थांबते. तेवढे तुम्ही त्यांच्यासाठी करा. मग दिपाली त्याच हाताने स्क्रूड्रायव्हर धरते, मूठ कानाला लावते आणि रुपराव खुर्चीतून मोठ्याने विचारतात, "काय म्हन्ते गडी?"

ती त्यांच्या कानाशी जाऊन सांगते.